जाळीपुढचा बारावा

किम्बर्ली
९ जानेवारी १९६७

रोडा,

तू मला ओळखत नाहीस. मी एल्मारी, एव्हर्ट लॉटरिंगची बायको. गेल्या जूनमध्ये आमचं लग्न झालं.

कपाट आवरताना त्याच्या जाड कोटाच्या खिशात तुझं पत्र सापडलं. ‘आई गेली. रविवारी नेलं. तू आला नाहीस ते बरं केलंस.’ एवढंच, आणि खाली तुझा पत्ता. याची आई तर हा लहान असतानाच गेली ना! मी विचारलं तेव्हा तो हसला. म्हणाला, अगं, ती आमची आया. सगळं घर तिला आईच म्हणायचं. रोडा तिची मुलगी.

मग मात्र मला रडू आलं. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला वाढवलं तिला मी दोन फुलंसुद्धा पाठवली नाहीत.

मला पाचवा महिना लागलाय. एव्हर्टच्या माणसांपैकी कोणीच उरलं नाही, फोटोही नाही. तो लहानपणाचं काही बोलत नाही. तुझ्या आईने तुला काही सांगितलं असेल तर लिही. तो कसा होता? त्याच्या आईचं नाव काय होतं? मुलगी झाली तर तेच ठेवायचं म्हणते. त्याला यातलं काही कळवू नकोस, मला त्याला चकित करायचंय.

एल्मारी लॉटरिंग


साउथ एंड, पोर्ट एलिझाबेथ
१३ जानेवारी

एव्हर्ट,

हे तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. घरी नेऊ नकोस.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, “काय रोडा, किम्बर्लीहून जाड पाकीट? वारसा मिळाला की काय?” मी हसले आणि दार लावून जमिनीवरच बसले.

तू आईला आया केलंस.

मी शाळा फार शिकले नाही, मला नीट मांडता येत नाही. पण हे एवढं मी चार वेळा वाचलं. तुझ्या माझ्यात फरक काय, सांग? कोण गोरं, कोण नाही ते ठरवणाऱ्या कचेरीतल्या माणसाने तुझ्या केसांत पेन्सिल खोचली, ती घसरून खाली पडली, तू गोरा झालास. माझ्या केसांत ती तशीच राहिली. मी वाकले, मान हलवली, तरी पडेना. एकाच आईची दोन मुलं, त्या दिवसापासून एका बाकावर बसू शकत नाहीत.

तू पलीकडे, गोऱ्यांत गेलास तेव्हा आईने तुला अडवलं नाही. आपल्या गल्लीची रीत तिने पाळली. पलीकडे गेलेल्याला हाक मारायची नाही, रस्त्यात समोर आला तर बुटाचा बंद बांधायला वाकायचं, म्हणजे नजरेला नजर भिडत नाही. दोन वर्षांपूर्वी तू त्या गोऱ्या मित्रांबरोबर बाजारातून आलास, आठवतं? आईच्या पायात बंद नसलेले बूट होते. तरी ती वाकली. तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाकूनच राहिली. कंबर धरली तिची, दोन दिवस उठता आलं नाही. अशा बाईला तू आया म्हणतोस.

आता मला भीती वाटते. गोरी बायको केलीस, आपल्यातल्याला ते कायद्याने बंद आहे, तुला माहीत आहे. उद्या कोणी विचारत आलं तर तू तुरुंगात, आणि आमच्या घराची झडती. नवरा, डेझमंड, बोटीवर असतो, तीन-तीन आठवडे मी आणि माझी सहा महिन्यांची आव्रिल, दोघीच.

आणि आई गेलेली नाही, एव्हर्ट. ती स्टोव्हजवळच्या खुर्चीत असते. मी तिकडे बघत नाही. आव्रिल बघते. भरदुपारी रिकाम्या खुर्चीकडे बघून हसते आणि हात पसरते. तुझ्या बायकोचं पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा आव्रिल एकदम रडायला लागली.

काय लिहू तिला? लवकर सांग.

रोडा


किम्बर्ली
१७ जानेवारी

रोडा,

वाचलं आणि फाडलं. तूही हे फाड.

तिला उत्तर दे. नाही दिलंस तर ती खोदत बसेल. तिच्या मनात काही नाही, शेतावर वाढलेली साधी मुलगी आहे. लिही की आई-वडील मोटारीच्या अपघातात गेले, घर विकलं, फोटो कोणाकडे गेले माहीत नाही. नाव कुठलंही सांग.

आईबद्दल जे म्हणायचं ते म्हण. मला दुसरं काही सुचलं नाही त्या क्षणी.

एक सांगतो, पेपरात यायच्या आधी. मला संघात घेतलंय. बारावा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध, तुमच्याच गावात. पाणी नेणार, कोणाला लागलं तर मैदानात जाणार. पण देशाची टोपी तीच, कोटावरचं संघाचं हरीण तेच. रोडा, या देशाच्या संघात आपल्यातला कोणी पोचलाच असेल तर तो मी. मी आत गेलो म्हणजे सगळी गल्ली आत गेली, कोणाला कळलं नाही तरी.

तू येऊ नकोस. आलीसच तर अगदी वर बस. आणि सॉलीकाकाला सांभाळ, त्याच्या तोंडाला झाकण नाही.

ए.


साउथ एंड
२३ जानेवारी

मॅडम,

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, मुलीला दात येतायत.

एव्हर्ट साहेबांचे आई-वडील मोटारीच्या अपघातात गेले. घर विकलं. फोटो कुठे गेले ते आम्हाला माहीत नाही.

माझ्या आईचा त्यांच्यावर फार जीव होता. त्यांना लहानपणी मासा खाताना घशात काटा अडकला, तेव्हा आईने बोट घालून काढला. ते चावले तिला. शेवटपर्यंत बोटावर खूण होती. त्यांची पहिली बॅट आईनेच केली, माशांच्या पेटीची फळी सुरीने तासून. वास जायचा नाही म्हणून ती रात्री दाराबाहेर ठेवायला लागायची. गल्लीत कोणीच त्यांना बाद करू शकत नव्हतं. बाद झालेच तर बॅट घेऊन पळून जायचे.

त्यांच्या आईचं नाव विल्हेल्मिना होतं.

तुम्ही तब्येतीला जपा. पाचव्या महिन्यात पाय सुजतात, मिठाच्या पाण्यात ठेवा.

रोडा


किम्बर्ली
१२ फेब्रुवारी

प्रिय रोडा,

किती हसले मी! मी त्याला चकित करणार होते, पण राहवलं नाही, बॅटचं सांगून टाकलं. घरची चांगली बॅट सोडून तुमच्या गल्लीत येऊन माशाच्या फळीने खेळायचा, वाह्यात कुठला! तो हसला नाही. बराच वेळ हात धूत राहिला. आयाची आठवण आली असेल.

विल्हेल्मिना. मी रोज म्हणून बघते.

सोबत पिवळ्या लोकरीचं जाकीट पाठवतेय, मीच विणलंय, तुझ्या मुलीसाठी. आणि ऐक, मी सामन्याला येतेय! बायकांसाठी वेगळी रांग ठेवलीय, खुर्च्या गादीच्या. तुमच्या लोकांनाही बसायला जागा असते असं एव्हर्ट म्हणाला. जाळीपलीकडे. तू ये ना. आपल्या आईने वाढवलेला मुलगा देशाकडून खेळताना बघायला तुला आवडणार नाही?

फक्त एक मला समजत नाही. तुमचे लोक ऑस्ट्रेलियासाठी ओरडतात म्हणे. खरं का? संघ तर आपल्याच देशाचा. तुम्हीही इथलेच. आपल्या घरच्यांना हरवायला आलेल्यांना कोणी टाळ्या वाजवतं का गं?

एल्मारी


साउथ एंड
२७ फेब्रुवारी

एव्हर्ट,

तू सांगितलंस येऊ नकोस, मी आले. शनिवारी. आव्रिलला घेऊन, अगदी वरच्या पायरीवर. माझ्या एका बाजूला आंटी फ्लोरी, पुढे सॉलीकाका. मी त्यांना आधीच हात जोडले होते. काका म्हणाला, “पोरी, मी मासे विकतो, माणसं विकत नाही.”

सकाळपासून आमचा स्टँड पेटलेला. ऑस्ट्रेलियाने एक धाव काढली तरी डबे वाजत होते. तुमचा तो जाडा बॉलर जाळीपाशी आला तसा काका ओरडला, “ए लाल्या, ऊन लागलं का? इकडे ये, आमच्याकडे रंग जास्त झालाय, थोडा घेऊन जा!” सगळा स्टँड लोळला हसून. तो बॉलर पण हसला असेल, पाठ हलत होती. मग आंटी फ्लोरीचा भाऊ म्हणाला, “अख्ख्या देशातून अकरा निवडलेत म्हणे. आमच्या रस्त्यावरून तर कोणी विचारायला आलं नाही.” काका म्हणाला, “आलं होतं रे. घरं पाडायची मोजणी करायला.”

मग जेवणानंतर तुमच्या अकरांतल्या एकाचं बोट दुखावलं आणि तू आत आलास. टोपी डोळ्यांवर. कर्णधाराने हात केला आणि तू चालत चालत थेट आमच्यासमोर येऊन उभा राहिलास. जाळीपासून दहा पावलांवर.

कोणी काही ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते. पण डबे थांबले. शेवटचा डबा कोणीतरी हाताने दाबून धरला, तो आवाजही ऐकू आला. आणि मग पुढच्या रांगेतून सुरुवात झाली. सॉलीकाका वाकला, बुटाच्या बंदाला हात घातला. त्याच्यामागे सगळे. बायका, म्हातारे, अनवाणी पोरंसुद्धा. दोनशे माणसं खाली वाकलेली. मी मांडीवर आव्रिल घेऊन वाकले. चर्चमध्येही आम्ही इतके एकदम कधी वाकलो नसू.

चेंडू तुझ्याकडे आला. तू उचललास, फेकलास. तुझ्या बुटाखाली गवत चिरडल्याचा आवाज मला आला. कोणी वर बघितलं नाही. तू गेल्यावर बराच वेळ कोणी सरळ झालं नाही.

तू लिहिलंस, तू आत गेलास म्हणजे गल्ली आत गेली. मी तिथे बसून याचाच विचार करत होते. गल्ली जाळीमागे होती, एव्हर्ट. आत तू एकटाच होतास, आणि तो तूही नव्हतास. ते अकरा देशाचे नाहीत कारण त्यांच्यात आम्ही नाही. आणि बारावा कोणाचा? त्यांना माहीत नाही म्हणून तो त्यांचा. आम्हाला माहीत आहे म्हणून आम्ही त्याच्याकडे बघायचंही नाही. मला तर त्या गवतावर माणूस दिसलाच नाही, नुसते कपडे उभे होते.

शिव्या खाल्ल्या असत्यास तर बरं झालं असतं. बाकीच्या अकरांनी खाल्ल्या. मला आता भीती वाटतेय, समोरच्या बाजूने कोणी बघितलं असेल का.

रोडा


किम्बर्ली
३ मार्च

रोडा,

सामना जिंकलो. सगळे आनंदात आहेत.

मला एक विचारायचंय, तू खरं सांगशील म्हणून तुलाच विचारते. मी तुमच्या बरोबर समोर बसले होते. माझ्याकडे वडिलांची दुर्बीण होती, तू दिसतेस का म्हणून मी सारखी तुमच्याकडेच बघत होते. पिवळं जाकीट दिसलं मला.

तुमच्या लोकांनी आमच्या एकेका खेळाडूची टर उडवली. मला राग आला नाही, माझ्या शेजारची बाईसुद्धा हसली. पण एव्हर्ट आला तेव्हा सगळे गप्प का झाले? आणि सगळे खाली का वाकले? माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, “यांचं काय हरवलं?” मी म्हटलं, माहीत नाही.

तू पण वाकलीस. मी बघितलं.

एल्मारी


साउथ एंड
९ मार्च

मॅडम,

आमच्या गावाला वारा फार. जाळीच्या बाजूला धूळ येते. एकदम झोत आला म्हणून सगळे डोळे वाचवायला वाकले. मी मुलीसाठी वाकले. दुसरं काही नाही.

जाकीट छान बसलं. उपकार झाले.

रोडा


फार्मवरून
४ जून

रोडा,

मार्चपासून मी लिहिलं नाही. वारा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, रोडा. माझी टोपी जागची हलली नव्हती.

मी त्याला तीन महिने विचारलं नाही. रोज समोर जेवायला बसायचा आणि मी त्याच्या हातांकडे बघायचे. मग माहेरी शेतावर आले आणि दिवस भरायच्या आधीच, २६ मेला, मुलगी झाली. डॉक्टर पोचला नाही. खोलीत माझी आई होती, दुसरं कोणी नाही.

आईने तिला पुसलं. मग टॉवेलने तिचं डोकं झाकलं. मी म्हटलं, दाखव. ती म्हणाली, नको. मी उठून बघितलं. छान आहे ती. केस दाट आहेत, बोट घातलं तर तिथेच राहतं.

एव्हर्ट आला तेव्हा त्याने सगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून. तुझी आई कोण होती ते. विल्हेल्मिना कोण होती ते. तू मला नाव खरं दिलंस, सगळ्या खोट्यात तेवढं एक.

माझ्या वडिलांनी शेजारच्या शेतांवर कळवलं की मूल मेलेलं जन्मलं. त्यांनीच छोटी पेटी केली. त्यात काय ठेवलं ते मी विचारलं नाही. पाद्री आला, प्रार्थना झाली, दगड बसला. दगडावर विल्हेल्मिना लॉटरिंग कोरलंय. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि मागच्या खोलीत माझी मुलगी रडत होती. आमची कामवाली तिला अंगावर पाजायची. पाद्रीने मान वर केली नाही. त्याला ऐकू आलं असणार.

मी एव्हर्टला म्हटलं, आपण तिघं इंग्लंडला जाऊ, तिथे कोणी केसांत पेन्सिल घालत नाही. तो म्हणाला, उन्हाळ्यात पुन्हा निवड आहे, या वेळी अकरांत घेतील. मग तो म्हणाला, आणि संघात नाही गेलो तर मी कोण उरतो, सांग.

माझे वडील म्हणतात, महिनाअखेरनंतर मूल शेतावर नको. कामवालीला बोलायला तोंड आहे. तुझ्या अंगावर दूध आहे. एव्हर्ट १४ तारखेच्या गाडीने तिला घेऊन येईल. मी तुला हुकूम करत नाही. मागतेय. तुझी म्हणून वाढव. तिला कधी सांगू नकोस.

तू माझी कोण लागतेस ते मला आता माहीत आहे. ते लिहायची हिंमत नाही. ती पोचली एवढं कळव, मग पुन्हा लिहू नकोस. माझी सगळी पत्रं जाळ.

एल्मारी


साउथ एंड
१९ जून

ती पोचली.

वजन कमी आहे, पण पिते. पहिला दिवस तोंड फिरवत होती. मी आव्रिलचं फडकं तिच्या गालाखाली ठेवलं, मग धरली. आता दोघींना पुरवता पुरवता माझा जीव जातो. डेझमंड बोटीवरून आला, दोन पोरी बघून दारातच थांबला. म्हणाला, “तीन आठवडे गेलो काय, घरात पेरणी झाली की काय?” मग मी सांगितलं. रात्रीचं जेवण झालं, आणि त्याने माशाची पेटी आणून तिला पाळणा केला. गल्लीत कोणी विचारलं नाही. आंटी फ्लोरी म्हणाली, “तुझ्यासारखी आहे गं,” आणि गेली.

कचेरीत नाव घालायला गेले. कारकून म्हणाला, दोघींत जेमतेम अकरा महिने? मी म्हटलं, नवरा खलाशी आहे. तो हसला आणि लिहून घेतलं. वर्ण काय, तेही त्याने न विचारता लिहिलं. नाव मी तुम्हाला सांगणार नाही. विल्हेल्मिना नाही ठेवलं. ते तुमच्या दगडावर आहे. तिथे माझ्या आईचं नाव आहे आणि खाली कोणी नाही. हे मला झोपू देत नाही, पण तुम्हालाही देत नसेल, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

स्टेशनचं तुम्हाला त्याने सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. मधे कठडा असतो, त्या बाजूला तुमचा फलाट, या बाजूला आमचा. तो तुमच्या डब्यातून उतरला. हातात टोपली, वर कापड. मी कठड्याशी उभी होते. एक पोलीस चार हातांवर, सिगारेट पेटवत होता. मला वाटलं, एव्हर्ट एकदा तरी माझ्याकडे बघेल. पाच वर्षं झाली त्याला जवळून बघून. मी ठरवलं होतं की वाकायचं नाही, काहीही झालं तरी. मी सरळ उभी राहिले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

पोलिसाने मान वळवली. एव्हर्टने टोपली कठड्यावरून माझ्याकडे सरकवली आणि मोठ्याने म्हणाला, “ए पोरी, मॅडमने जुने कपडे दिलेत, नीट घेऊन जा. पाडू नकोस.”

मी म्हटलं, “हो, मालक.”

त्याच्या आवाजात जराही कंप नव्हता. पोलीस पुन्हा सिगारेटकडे वळला. तुमचा नवरा चांगला खेळतो. अकरांत घेतील त्याला, काळजी करू नका. टोपलीतली झोपेत होती, नशीब तिचं आणि आमचं.

मी काय घाबरायचं ते घाबरून झालं. आता कोणी दार वाजवलं तर मी दोघींना दोन काखांत घेऊन दार उघडते.

तुम्ही म्हणालात तशी तुमची पत्रं जाळली. तिला सांगू नकोस म्हणालात, ते मी कबूल करत नाही. ती मोठी झाली आणि विचारलं तर सांगेन. तुम्ही हुकूम केला नाहीत, मागितलंत, आणि मी तिला घेतली. तेव्हा तिचं काय करायचं ते मी बघेन. तुम्हाला जे लिहायची हिंमत झाली नाही ते खाली मी लिहिते. हे पत्रही जाळा. पण आधी वाचा.

तुमची नणंद,
रोडा